बाभळीचं झबलं

आमच्या कंपनीची बस भोसरीहून सुटते आणि मोशी ओलांडली की बहुतेक वेळ उभीच असते. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर. ड्रायव्हर स्टिअरिंगवर बोटं वाजवतो, पोरं मोबाइल काढतात, आम्ही अकाउंट्समधली जुनी माणसं हजेरीच्या काळजीने घड्याळ बघतो. त्या बसमध्ये गाडी अडकलेली हवी असणारी एकच मुलगी होती. गाडी थांबली की तिची सुई चालू. गाडी हलली की सुई कापडात खोचून ती अस्वस्थ नजरेने बाहेर बघत बसायची.

निशिगंधा तिचं नाव. मूळची लातूरकडची, राहायला भोसरीत. कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होती. दिवसभर दिव्याखाली प्लास्टिकचे भाग फिरवून बघायचे, चरा किंवा बुडबुडा दिसला की लाल स्टिकर लावून बाजूला काढायचे. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

हातात असायचं ते पांढऱ्या मलमलीचं झबलं. तिचा थोरला भाऊ समाधान याला मुलगी झाली होती. सव्वा महिन्यानं बारसं. भाऊ दिघीला, म्हणजे हिच्या खोलीपासून रिक्षाच्या अंतरावर. पण दोन वर्षं या घराचं त्या घराशी बोलणं नव्हतं. वहिनीने, पिंकीने, आपल्या भावाचं स्थळ आणलं होतं. दिग्विजय, राजगुरुनगरला हार्डवेअरचं दुकान. निशिगंधाने नकार दिला, आणि तोही सगळे जेवायला बसले असताना. आता मुलगी झाल्यावर पिंकीचाच फोन आला होता. "नाव आत्यानंच ठेवायचं असतं, ताई. या," एवढंच बोलून तिने ठेवला.

"रागात बोलली की मनापासून, तेच कळंना," निशिगंधा शेजारी बसणाऱ्या तानुबाईंना म्हणाली. तानुबाई मोशीच्याच, कॅन्टीनमध्ये पोळ्या करायच्या.

"मग झबल्यावर काय काढतीस?"

"बाभूळ. आमच्या बांधावरची. पिवळी फुलं गाठीच्या टाक्यानं, फांदीला सुगरणीचा खोपा."

"आन् काटं?"

निशिगंधाची सुई थांबली. त्या दिवशी तिने काटे घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी उसवले.

"आता का गं?"

"वहिनी म्हणेल, मुद्दाम टोचून दाखवलं."

"बिनकाट्याची बाभूळ म्हंजी शेवगा झाला की!" तानुबाई हसल्या. पुढच्या बाकावरची पोरंही हसली. निशिगंधाने काटे पुन्हा घातले, या वेळी बारीक. मग तेही काढले. काटे काढले म्हणून खोड उघडं दिसायला लागलं, म्हणून खोड काढलं. फुलांच्या गाठी तिला लहानमोठ्या दिसायच्या. झबलं खिडकीच्या उजेडात आडवं धरायची, उलटं करायची, डोळे बारीक करायची. कंपनीत भाग बघते तसंच. आणि खोट दिसली की कात्री. मागच्या बाकावरून मी बघत असे. जेवढं सकाळी भरून व्हायचं, तेवढं संध्याकाळी परतताना उसवलेलं असायचं.

"अगं, लेकराला घालायचं हाय का गिऱ्हाइकाला पाठवायचं हाय?" तानुबाई वैतागल्या.

"तुम्हाला नाही कळायचं, मावशी. सगळ्या तिच्या माहेरच्या असणार. एकीनं जरी बोट ठेवलं ना..."

"ठेवू दे की. बोट ठेवायलाच येत्यात बाया बारशाला."

शनिवारी सकाळी, बारशाच्या आदल्या दिवशी, बस चिंबळी फाट्याच्या अलीकडे उभी राहिली. निशिगंधाने पुन्हा भरलेल्या खोडाचा शेवटचा टाका ओढला आणि एकदम "आई गं" म्हणाली. मलमल ती. एकाच जागी कितीदा सुई जाणार? खोडाच्या मधोमध भोक पडलं होतं, करंगळीचं नख जाईल एवढं.

तिने झबल्याची घडी घालून पिशवीत कोंबली. "फोन करते. उद्या ओव्हरटाइम लागला म्हणून सांगते."

"सांग. लई सोपं हाय," तानुबाई म्हणाल्या. "मग तिची माहेरची एखादी ठेवील नाव. तुजं काम संपलं."

निशिगंधा रडवेली झाली. "हे घेऊन जाऊ? भोक पडलेलं?"

"दाव हिकडं." तानुबाईंनी झबलं मांडीवर पसरलं. "बाभळीला डिंक येतो का न्हाई? साल फुटती तिथंच येतो. तपकिरी दोरा हाय ना? भर एक गोळा. आन् आता त्याला उजेडात धरू नगंस."

गाडी सुटली तरी निशिगंधा थांबली नाही. खड्ड्यात गाडी आपटली, सुई बोटात गेली, तिने बोट तोंडात घातलं आणि पुन्हा सुरुवात केली. डिंकाचा गोळा जरा वाकडाच झाला. तिने दोनदा कात्री उचलली. दुसऱ्या वेळी तानुबाईंनी ती काढून आपल्या डब्याच्या पिशवीत टाकली.

सोमवारी ती बसमध्ये चढली तेव्हा हात रिकामे होते. बसली ती पाठ न टेकता, पुढे वाकून.

"काय झालं गं? गेली व्हतीस का न्हाई?"

"गेले होते. झबलं कोणी बघितलंसुद्धा नाही, मावशी. घातलं, आणि पाचव्या मिनिटाला पोरीनं त्याच्यावर दूध ओकलं."

"आन् भाऊ?"

"बाहेर खुर्च्या लावत होता. आत आलाच नाही."

"भावजय?"

निशिगंधाने पाठीकडे हात नेला. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं की बाया तिच्या पाठीत बुक्के घालतात, ही रीत आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. बाकीच्यांनी हात लावल्यासारखं केलं. पिंकीने मात्र मूठ आवळून असा बुक्का घातला, की निशिगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी म्हटलं, 'वहिनी, एवढा जोरात?' तर म्हणाली, 'दोन वर्षं लावली यायला.' आणि माझ्याआधी तीच रडायला लागली."

बस थांबली. निशिगंधाने सवयीने पिशवीत हात घातला, मग आठवून बाहेर काढला. पाठ टेकायला गेली आणि कळवळून पुन्हा सरळ झाली.

"लई दुखतंय का?" तानुबाईंनी विचारलं.

"दुखतंय," ती म्हणाली. "दादा बोलला नाही अजून. पुढच्या रविवारी परत जाते."