धनगराच्या खुंटीवरचं पस्तान

आमच्या घरात एक गोष्ट हसून सांगितली जाते. आजोबा औरंगाबाद पाहायला निघाले, आजीही निघणार होती, पण ती नावेला भ्याली आणि घरीच राहिली. नातसुनांनासुद्धा ही गोष्ट पाठ आहे. त्यातला आजोबा मीच. ती गोष्ट मी पसरवली, आणि ती खोटी आहे. बायको जाऊन सहा वर्षं झाली. आता तरी खरं लिहून ठेवतो.

निजामाचं राज्य होतं. आमचं गाव तलवाड्याजवळ. मोटार म्हणजे वर्षातून एखाद्या वेळी बीडहून येणाऱ्या तालुकदार साहेबांची. तीही लांबून उडणाऱ्या धुळीवरूनच कळायची. आम्हाला आपले पाय आणि बैल. औरंगाबाद गावातल्या दोघातिघांनीच पाहिलेलं, तेही कचेरीच्या कामानं.

शहर पाहायचा ध्यास माझ्या बायकोनं घेतला. मकबऱ्याचं किंवा बावन्न दरवाज्यांचं तिला काही नव्हतं. तिला पाणचक्की पाहायची होती. बांगड्या भरायला येणाऱ्या कासारानं तिला सांगितलं होतं, की तिथं पाण्याच्या जोरावर जातं फिरतं, माणसाला हात लावावा लागत नाही. ती रोज पहाटे घरच्या आठ माणसांचं दळण दळायची. तळहात घट्ट्यांनी भरलेले.

"खरं असंल का वो?" ती पुन्हा पुन्हा विचारायची. "कुनी हात न लावता?"

वर्षभर तिनं बेत रचला. वाटेनं आलेल्या प्रत्येकाला ती थांबवून विचारायची. कासार, तेली, घोंगडीवाला, कुणी सुटला नाही. गाडी कुठं सोडायची, कुठल्या विहिरीचं पाणी बैलांना गोड लागतं, मुक्कामाची सराय शहराच्या दरवाज्याच्या आत की बाहेर, सगळं तिला ठाऊक झालं. लिहिता येत नव्हतं, म्हणून ती वाट शिदोरीवर मोजायची. "गेवराईपतुर भाकरी. शहागडला नावेतून गोदा उतरलो की धपाटे. पाचोडच्या फुडं दशम्या, त्या टिकत्यात."

मार्गशीर्षात पेरण्या उरकलेल्या होत्या. गुरुजींनी निघायला जो दिवस काढून दिला, त्या दिवशी नेमका आमचा एक बैल लंगडत होता. मग रीतीप्रमाणे आम्ही पस्तान ठेवलं. ठरल्या मुहूर्तावर निघणं जमत नसेल, तर आपलं गाठोडं जायच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे आपण निघालो असं धरतात. पाच दिवसांत ते उचलून वाटेला लागायचं. ते माघारी घरी आणायचं नसतं. गावाच्या उत्तरेला धनगराचं शेवटचं घर होतं. त्याच्या म्हातारीनं आमची दोन गाठोडी खुंटीला अडकवली. माझ्या गाठोड्यात धोतर आणि सुपारी. बायकोच्या गाठोड्यात लुगडं, हळकुंड आणि शेरभर ज्वारी. ती ज्वारी पाणचक्कीवर दळून तिथंच भाकरी थापायची, असं तिनं ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाटलाच्या मुलानं मला पारावर गाठलं. तो माझा लहानपणचा सोबती. कचेरीच्या कामासाठी तो औरंगाबादला निघाला होता. त्याची धमणी, म्हणजे छपराची हलकी बैलगाडी, जुंपून तयार होती.

"चल बे," तो म्हणाला. "वैनीलाबी घे. जागा लई हाय."

मी त्याला वाटेबद्दल काहीतरी सांगू लागलो. गेवराईच्या पुढचं मुक्कामाचं गाव काही आठवेना. तो मोठ्यानं हसला. "तुला कशाची वाट ठावं हाय बे? वाट वैनीला ठावं. तिलाच नेतो, तू ऱ्हा घरी म्हशी राखत!"

पारावरची सगळी माणसं हसली. एक म्हातारा म्हणाला, "वैनीच्या पदराला धरून जाईल की तो!"

थट्टा एवढीच. पण मी तिशीच्या आतला होतो, आणि ती मला लागली. सबंध वाटभर ती रस्ता सांगणार, आणि हा हसणार, हे डोळ्यांसमोर आलं. घरी जाऊन मी तिला म्हणालो, "धमणीत जागा एकाचीच हाय. फुडल्या खेपेला तुला नेतो."

"कावून? आपली गाडी हाय की," ती म्हणाली. "बैलाचा पाय आता बरा हाय."

मी पटका बांधू लागलो. मग तिनं धपाट्यांचं फडकं माझ्या हातात दिलं. दोघांचं होतं.

धनगराच्या दारात धमणी थांबली. मी माझं गाठोडं काढून घेतलं. "आन् वैनी?" सोबत्यानं विचारलं.

"ती येत न्हाई. नावेला भेती."

धनगराची म्हातारी दारातच होती. "गोदाकाठची पोर, आन् नावेला भेती व्हय?" ती म्हणाली. मी धमणीत चढलो.

खरंच, माझ्या बायकोचं माहेर गोदेच्या काठावरचं. लहानपणापासून ती नावेतून ये-जा करत आलेली.

शहरात मी तीन दिवस होतो. मकबरा पाहिला, बाजार पाहिला. पाणचक्की पाहिली नाही. वेळ होता. पण जातं काय पाहायचं, घरी आहेच, असं वाटलं.

परत आलो तेव्हा तिनं आधी पाणी दिलं. मग विचारलं, "कुन्या अंगाला फिरतं वो ते?"

"आपल्यासारखंच," मी म्हणालो.

"आवाज?"

"लई मोठा."

पुढं कितीतरी वर्षं ती शेजारणींना सांगायची, की पाण्यावरचं जातंही आपल्यासारखंच फिरतं, आवाज मात्र लई मोठा. माझ्यावर विश्वास ठेवून सांगायची. पुढली खेप कधी आलीच नाही. एक वर्ष दुष्काळाचं, मग पोरं, मग मीच विषय टाळू लागलो. नावेची गोष्ट तिच्यासमोर शंभरदा सांगितली गेली. तिनं एकदाही ती खोडून काढली नाही. एकदा तिच्या माहेराला जाताना थोरली सून म्हणाली, "आत्याबाई, मधी बसा, भ्याल." बायको नावेच्या टोकाला जाऊन बसली, पाण्यात हात सोडला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पलीकडच्या काठाकडे पाहत राहिलो.

गाठोडं मात्र तिनं परत आणू दिलं नाही. म्हातारी दोनदा विचारायला आली. "पस्तान माघारी येत न्हाई, मामी," ती म्हणाली. "ऱ्हाऊंद्या तितंच."

बायको गेली त्या साली धनगराच्या नातवानं घर पाडून नवं बांधायला घेतलं. त्यानं ते गाठोडं मला आणून दिलं. लुगडं घडीवर विरलं होतं. ज्वारीत किडे होऊन गेले होते. फोलपटं आणि पीठ उरलं होतं. सून टाकून देत होती, मी देऊ दिलं नाही. आता ते माझ्या खाटेवरच्या खुंटीला आहे. त्यात काय आहे, असं पोरं विचारतात.

तुमची आजी नावेला भ्याली नव्हती. धमणीत जागा होती. औरंगाबादला आता एस.टी. जाते, सकाळी निघालं की दुपारी पोचतो, पण मी पुन्हा गेलो नाही. पाणचक्कीचं जातं कुठल्या अंगाला फिरतं, ते मला माहीत नाही.