फोटो गाळणारी बाय

उजव्या हाताचं पहिलं बोट ती थेट स्क्रीनवर टेकवायची. माउसचा बाण नेऊन दाखवावं हे तिला कधी पटलंच नाही. बोट टेकवायचं आणि मान न वळवता विचारायचं, "दादा, ह्यात कोन हाय?"

या प्रश्नावर मी कितीतरी वेळा अडखळलो आहे. फोटो चांगला असायचा. मांडवाच्या झालरीतून आलेली उन्हाची तिरीप, पुढे मेंदीचे हात, मागे धूसर झालेली गर्दी. तसा एक फोटो मिळावा म्हणून मी बांबूला पाठ लावून ताटकळलेला असायचो.

"नवरी आहे," मी म्हणायचो.

"हात हायत. नवरी कुटं हाय?"

आणि माझी तिरीप गाळलेल्या फोटोंच्या फोल्डरमध्ये जाऊन पडायची.

तुम्ही लग्नाचे अल्बम पाहिले असतील. कुणाकडे गेलं की चहाआधी हातात येतोच. शेवटच्या पानावर फोटोग्राफरचं नाव असतं. पण कुठला फोटो पानभर, कुठला कोपऱ्यात आणि कुठला अजिबातच नाही, हे ठरवणारं माणूस दुसरंच असतं. बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात ते माणूस म्हणजे ही बाय. तारापूरपलीकडच्या कोळीवाड्यातली. आधी एका छापखान्यात लग्नाच्या पत्रिका टाइप करायची, मग बोईसरच्या कलर लॅबमध्ये अल्बम डिझाइन करायला आली. आम्ही सगळे फोटोग्राफर तिला नुसतं बाय म्हणायचो.

ती येण्याआधी काय होतं तेही सांगतो, म्हणजे माझं दुखणं तुम्हाला कळेल. तारापूर रोडवर अल्बमचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा आणलं ते मी. त्याआधी आम्ही फोटो धुऊन आणायचो आणि अल्बमच्या पानांवर चिकटवायचो. सॉफ्टवेअर आल्यावर नवरा-नवरी गुलाबाच्या पाकळीत बसू लागले, हंसाच्या पाठीवरून तलावात फिरू लागले. एकदा तर मी पाम गावच्या एका जोडप्याला बर्फाच्या डोंगरावर उभं केलं होतं. लोक स्टुडिओत येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि म्हणायचे, "काय डोकं चालतं तुमचं." ते ऐकायची मला सवय झाली होती.

मग बाय आली आणि लोक तिच्या खुर्चीमागे उभे राहू लागले.

तिच्याकडे हंस नव्हते. पांढरं पान, त्यावर तीन-चार फोटो, बाकी मोकळी जागा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं काम अर्धवट राहिलंय. तसं म्हणालोही. ती हसली आणि म्हणाली, "तुमी डोंगर टाकता, मी मानसं टाकते." तिच्या बोलण्यात नम्रपणा औषधालाही नव्हता. आवाज बंदरावरचा. लॅबच्या बंद केबिनमध्ये डब्यातलं सुकं बोंबील उघडायची आणि मालकाने नाक मुरडलं की त्यालाच वाढायची. तोही खायचा.

मला तिचा हेवा वाटायचा. आडून आडून कशाला बोलू. आजूबाजूचे फोटोग्राफर तिला काम द्यायचे, तसं मलाही द्यावं लागलं, कारण गिऱ्हाईकच मागायचं. "अल्बम त्या बाईंकडून करून घ्याल ना?" हे वाक्य मी बुकिंगच्या वेळी ऐकायचो आणि हसून मान डोलवायचो.

मासवणच्या एका लग्नाची गोष्ट सांगितली पाहिजे. मुलीकडचे साधे लोक, मांडव अंगणातच. मी दिवसभर राबलो होतो, फोटो एकसे एक आले होते. बायने ते सगळे पाहिले आणि विचारलं, "नवरीची आय कुटं हाय?"

मी शोधलं. आई कुठेच नव्हती. पाठवणीच्या वेळीसुद्धा ती पाठमोरी. स्टेजवर तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि ती आपणहून आली नव्हती. बायने माझं पूर्ण फोल्डर मागितलं, मी बाद केलेले फोटोसुद्धा. त्यात एक फोटो मी सकाळी कॅमेऱ्याची सेटिंग बघायला उगाच काढलेला. मांडवामागे चुलीजवळ एक बाई मोठ्या पातेल्याचं झाकण उचलून आत बघतेय, चेहरा वाफेत, कपाळावर पीठ. तीच आई.

बायने तो फोटो पानभर लावला. समोरच्या पानावर सजलेली मुलगी. बाकी काही नाही.

अल्बम घ्यायला मुलगी आणि आई दोघी आल्या होत्या. मुलीने ते पान उघडलं आणि बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. आई म्हणत राहिली, "माजा कशाला लावलाय? घानेरडी दिसते मी." मुलगी तिचा हात धरून नुसती बसली. जाताना तिने मला विचारलं, "अल्बम कुणी केला?"

फोटो कुणी काढला, असं नाही विचारलं. अल्बम कुणी केला.

मी घरी हे चिडून सांगितलं तर बायको म्हणाली, "बरोबरच आहे. तुम्ही तो टाकून दिला होतात." बायकोही तिच्या बाजूची झाली होती. दोघींची ओळख मासळीबाजारात झाली होती आणि आता बाय आमच्याकडे सणाला कोलीम, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, पाठवायची. घरात तिच्याविषयी वाकडं बोलायची सोय उरली नव्हती.

अशात नवं सॉफ्टवेअर निघालं. फोटोंचं फोल्डर त्यात टाकायचं, पानं किती ते सांगायचं, की अख्खा अल्बम आपोआप मांडून समोर. मी ते विकत घेतलं ते एकाच इच्छेने. लॅपटॉप घेऊन लॅबमध्ये गेलो आणि बायच्या टेबलावर ठेवला. तिच्या देखत बटण दाबलं. चहा निवायच्या आत अल्बम तयार.

तिने सगळी पानं शांतपणे पाहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

"सुबक हाय," ती म्हणाली. "पन याला मानसं वळखता येतात काय?"

"ओळखतं ना. एका माणसाचे सगळे फोटो एका जागी काढून देतं."

हे मी ऐटीत सांगितलं आणि फसलो. तिने खुर्ची पुढे ओढली. मला बाजूला व्हायला सांगितलं. चेहऱ्यांची यादी उघडली. आम्ही सगळे त्या यादीत नवरा-नवरीला शोधतो, कारण त्यांचे फोटो वरती, सगळ्यात जास्त. तिने यादी खालपर्यंत ओढत नेली. तिथे एकेकच फोटो असलेले चेहरे होते. कुणी म्हातारा, कुणी वाढपी, कुणी दाराशी उभी असलेली आत्या.

"हां," ती म्हणाली, "हे बेस केलंय. कोन राहून गेला ते आता लगेच कलतं."

दुसऱ्याच आठवड्यात लॅबच्या मालकाने ते सॉफ्टवेअर घेतलं. ज्या कामाला तिला दिवस जायचा ते ती सकाळच्या चहापर्यंत संपवू लागली. फोटो निवडायचं तेवढं मात्र तिने मशीनला करू दिलं नाही. बोट स्क्रीनवर टेकतच राहिलं. तिला मागे टाकायला मी जे आणलं त्याने तिच्या हातून दुप्पट काम निघू लागलं. माझ्या लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर अजून आहे. मी त्यातलं पहिलं बटण तेवढं वापरतो.

मग तिच्या मुलीचं लग्न ठरलं.

तारीख कळल्याबरोबर मी माझ्या कॅलेंडरवर त्या दिवसाला गोल केला. एक चांगलं काम सोडलं. तिने अजून काही म्हटलं नव्हतं, पण तिच्या घरच्या लग्नाचे फोटो दुसरं कोण काढणार? लेन्सा साफ करून घेतल्या. मनात फोटोसुद्धा ठरवून टाकले: एकातही नुसते हात नाहीत, प्रत्येकात माणूस. बघू आता काय गाळते.

ती पत्रिका घेऊन घरी आली. बायकोला कुंकू लावलं, मला म्हणाली, "दोगांनी यायचं. हळदीपासून." आणि निघून गेली. कॅमेऱ्याचं नाव नाही.

नंतर लॅबमध्ये कळलं, फोटो पालघरच्या एका फोटोग्राफरला दिलेत. माझ्यापेक्षा वयाने बराच लहान, कामात धांदरट, असं माझं त्याच्याविषयी मत होतं. त्या दिवशी जेवण गेलं नाही. गिऱ्हाइकाने दुसरीकडे जावं ते मी समजू शकतो, तो धंदा झाला. पण माझे फोटो इतकी वर्षं जिने एकेक करून पाहिले होते, तिने सगळं पाहून दुसरा निवडला. यातून मी काय समजायचं?

बायकोच्या आग्रहाने गेलो. मांडवात खुर्चीवर बसलो. गळ्यात पट्टा नाही, खांद्यावर बॅग नाही, हात कुठे ठेवावेत कळेना. तो पालघरचा समोर फिरत होता. मी त्याच्या चुका मोजायला बसलो होतो. चुकत होताही. पण मधेच खाली वाकून त्याने करवल्यांच्या घोळक्यातून एक फोटो काढला, आणि तो चांगला आला असणार हे मला बसल्या जागी कळलं. त्याचा फार राग आला.

बाय जांभळ्या साडीत, केसांत भरगच्च गजरा घालून सगळ्यांना वाढत फिरत होती. माझ्याजवळ आली. "जेवलास काय?"

मी म्हटलं, "बाय, मला का नाही सांगितलंस?"

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "तुला लावला असता तर तू जेवला असतास काय? तुज्या फोल्डरात मी सगली मानसं बगितली. तू कंदी दिसला नायस. माज्या मुलीच्या लग्नात तू फोटोत पायजे."

मग तिने त्या पालघरच्याला हाक मारली आणि माझ्या बायकोला माझ्या शेजारी उभं केलं. फोटोग्राफर मला म्हणाला, "सर, जरा हसा." मला हसता आलं नाही. तो लाइट चुकीच्या बाजूने मारत होता.

लग्न झालं, मुलगी सुरतेला सासरी गेली. पावसाळा सरला, दिवाळी गेली, तरी त्या लग्नाचा अल्बम काही होईना. जावयाकडून फोन येत. बाय म्हणायची, "करते." दुसऱ्यांचे अल्बम झपाझप निघत होते. शेवटी एका दुपारी ती पेन ड्राइव्ह घेऊन माझ्या स्टुडिओत आली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली.

"तू कर," म्हणाली. "मला त्यातला एक बी गाळता येत नाय."

मी फोटो उघडले. पालघरच्याचं काम चांगलं होतं. काही फोटो तर मला आवडले, आणि आवडले म्हणून मी ते दोनदा पाहिले, चूक सापडते का म्हणून. मग गाळायला सुरुवात केली.

"हा हलला आहे. काढू?"

"र्‍हाऊ दे. माजी चुलती हाय ती."

"हा तर अंधारात आहे."

"तो तिच्या बापाचा हात हाय. र्‍हाऊ दे."

नुसता हात होता. मी तिच्याकडे पाहिलं. तिला काय ते कळलं, पण ती हसली नाही. पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "पुढं चल."

तो अल्बम इतका जाड झाला की बांधणाऱ्याने परत पाठवला. दोन भाग करावे लागले. डिझाइन माझं, पांढरी पानं, मोकळी जागा. तिने ते पाहून एवढंच म्हटलं, "जमलं तुला." त्याआधी मला कितीजणांनी चांगलं म्हटलं होतं, त्यातलं मला आता एकही आठवत नाही.

पुढच्या वर्षी मुलीला बाळ झालं. बायच्या नवऱ्याचे गुडघे गेले होते, मासेमारीची बोट त्याने भावाच्या हाती दिली होती. दोघं बाळंतपणासाठी सुरतेला गेले ते तिकडचेच झाले. लॅबच्या मालकाने तिच्या जागी एका डिप्लोमावाल्याला ठेवलंय. तो सभ्य आहे. मी दिलेले सगळे फोटो लावतो.

परवा एक मुलगी आईला घेऊन स्टुडिओत आली. बोईसरातच चित्रालयजवळ राहणारी, डिसेंबरात लग्न. तिने मोबाइल पुढे केला. "माझ्या सुरतच्या मैत्रिणीचा अल्बम आहे. असा पाहिजे."

मी पानं सरकवत गेलो. नवरा-नवरी होतेच, पण अख्खं एक पान दारात चपला सांभाळत बसलेल्या म्हाताऱ्याला दिलं होतं. कुणी केलंय हे विचारायची गरज नव्हती. शेवटच्या पानावर तिथल्या फोटोग्राफरचं नाव होतं, गुजरातीत. मला ते वाचता आलं नाही.

"काका, जमेल ना?" मुलीने विचारलं.

मी जमेल म्हणालो. मोबाइल तिला परत दिला. आणि माझ्या मनात आलं, या वेळी तिकडे जो कोण फोटोग्राफर आहे तो तिच्या खुर्चीमागे उभा असेल, त्याचा सगळ्यात आवडता फोटो ती काढून टाकत असेल, आणि तो चिडत असेल. त्याचा मला इतका हेवा वाटला की आलेल्या मायलेकींना पाणी विचारायचंही राहून गेलं.