ज्युलीबाय आणि बंद घरांचा आकडा

ज्युलीबाय माझी नणंद. लग्न केलं नाय तिने, आमच्यातच राहिली. मी पापडीहून नंदाखालला लग्न होऊन आले त्या दिवशी तिने मला काय सांगावं? "वयनी, आज पुढच्या दाराने आलीस ना, नीट बघून घे. आता या दाराने जाशील ती चौघांच्या खांद्यावर." मी नवी नवरी, मला रडूच आलं. ती आपली हसतेय. तोंड असं, पण रात्री माझ्या पायाला तेल तिनेच चोळलं.

खोटं नव्हतं ते. आमच्या आळीत पुढचं दार कोण वापरतच नाय. पुढच्या खोलीत आल्तार म्हणजे येशूचा देव्हारा, चांगल्या खुर्च्या, लग्नाचे फोटो, आणि दाराला बाहेरून कुलूप. नवरी आली, फादर घर आशीर्वादित करायला आले, नायतर मयत झाली, तेव्हा उघडायचं. बाकी सगळं मागून. मागे पडवी, चूल, विहीर, तिथून सरळ केळीच्या वाडीत. सगळा दिवस माणसं मागेच असतात. कोणाला हाक मारायची तर कुंपणावरून.

ज्युलीबाय आळीच्या अंगणवाडीत मदतनीस होती. सकाळी निघाली की एकेका घराच्या मागून पोरं गोळा करत जायची. एक कडेवर, बाकीची फ्रॉकला धरून. माझा नवरा गॅब्रिएल, तिचा मोठा भाऊ, ओरडायचा, "निघाली बदकं घेऊन!" ती बोलायची, "बदकं बरी, तुझ्यासारखी पारावर बसून नाय खात." खिचडीत आमच्या वाडीतला दुधी किसून टाकायची. मी शोधत बसायची आणि ती बोलायची, "वयनी, दुधी कुठे गेला विचारू नको, पोरांच्या पोटात आहे." आता आळीतले जे तरणे बाप्ये बाईकवरून फिरतात ना, त्या सगळ्यांची नाकं तिने पुसलीत.

कोरोनाच्या अगोदरची गोष्ट. वरच्या ऑफिसातून बाई आल्या आणि बोलल्या, ही अंगणवाडी बंद करून मोठ्या रस्त्यापलीकडच्या अंगणवाडीत घालायची. का, तर इथे लोकवस्ती पुरत नाय. त्या रस्त्यावर डंपर असे सुटतात की आपणच जीव मुठीत धरून जातो. दोन-अडीच वर्षांची पोरं कशी जाणार? कोण पाठवणारच नाय. ज्युलीबाय घरी आली, मागच्या पायरीवर बसली, जेवली नाय. मी ताट नेलं तर बोलली, "वयनी, माझं राहू दे. मी भांडी घासेन कुठेपण. पण ही पोरं घरातच बसणार गो."

आमचा पोरगा लेस्टर, त्याची बायको जीना तेव्हा नवीनच लग्न होऊन आलेली. ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची. ती बोलली, "ज्युलीबाय, लोकवस्तीचा आकडा जनगणनेचा असतो. सगळ्यांना बघता येतो. शोधूया." मग दोघी लॅपटॉप घेऊन बसल्या. लगेच नाय मिळालं. आधी ठाणे जिल्ह्यात शोधायला लागलं, कारण मागची गणना झाली तेव्हा पालघर जिल्हा झालाच नव्हता. मग तालुका, मग खाली खाली. आळीचा आकडा काय वेगळा नाय मिळत, आजूबाजूच्या वाड्या धरून एकत्र. ज्युलीबाय चष्मा लावून स्क्रीनला नाक लावून बसलेली. गॅब्रिएल बोलला, "आत शिर आता."

माणसं खरंच कमी होती. जीना बोलली, "आकडा तर असाच आहे." ज्युलीबाय बोलली, "असा कसा? बाळंतपणाची बातमी तर दर महिन्याला असते." मग जीनाने दुसरा तक्ता काढला, घरांचा. राहती किती, रिकामी किती. रिकामी भरपूर.

"रिकामी?" ज्युलीबाय बोलली. "आपल्याकडे रिकामं घर कुठलं? बॅप्टिस्टचा भाऊ बोरिवलीला गेला, त्याचं एक. अजून कोणाचं?"

बॅप्टिस्ट म्हणजे आमचा शेजारी. मग ती बोटावर घरं मोजायला लागली आणि मधेच थांबली. पुढच्या खोलीत गेली, त्या बंद दाराकडे बघितलं आणि हसायलाच लागली. मला वाटलं हिला काय झालं!

"वयनी, मोजणीवाला आला तेव्हा आपण घरात नव्हतोच गो! पुढे कुलूप, आपण मागे वाडीत. तो रस्त्यानेच आला आणि रस्त्यानेच गेला!"

जीना बोलली, "पण शेजारी विचारतात ना ते."

"शेजाऱ्याला पण कुलूपच!"

ते कागद छापून घेऊन दुसऱ्या दिवशी दोघी ऑफिसात गेल्या. बाई वाईट नव्हत्या. ऐकून घेतलं, हसल्या पण. बोलल्या, "मावशी, तुमचं खरं असेल. पण छापलेला आकडा मी नाही बदलू शकत. नवी गणना येतेच आहे, त्यात नीट लिहून घ्या. तोवर मी इथली चालू ठेवते. नवा आकडा पण कमी आला तर मात्र माझा इलाज नाही."

झालं. तेव्हापासून ज्युलीबायला तेच. रविवारी मिस्सा झाला की चर्चच्या आवारात एकेकीला धरायची, "गणनेवाले येणार, पुढचं कुलूप काढून ठेवा." बॅप्टिस्ट तिला चिडवायचा, "ज्युली, तुझा नवरा यायचाय काय, दार उघडं ठेवायला?" ती बोलायची, "तुझ्यासारखा येणार असेल तर कुलूपच बरं."

पण गणना आलीच नाय. कोरोना आला. मग पुढच्या वर्षी, मग त्याच्या पुढच्या वर्षी. नाताळ झाला की जीनाला विचारायची, "बघ गो, कधी येतायत?" जीना बघायची, बोलायची, "अजून नाय." आमच्या घराचं कुलूप काढून तिने एवढी वर्षं दिवसभर दार उघडंच ठेवलेलं. पावसाची झड आत यायची, गॅब्रिएल शिव्या द्यायचा.

यंदा ईस्टरच्या आधी, उपासकाळात ती गेली. पोटाचं होतं, उशिरा कळलं. हॉस्पिटलात शुद्धीवर आली की विचारायची, "आले काय?" नर्सला वाटायचं घरच्यांना विचारतेय, म्हणून ती मला पुढे करायची. ज्युलीबाय माझ्याकडे बघायची आणि डोळे मिटायची. चांगलीच चिडलेली असायची.

मयत झाल्यावर गॅब्रिएलने दाराला परत कुलूप घातलं. मला पण तेच बरं वाटलं. दार दिसलं की तीच दिसायची.

आणि मग आले ना गणनेवाले घरं लिहायला! मी विहिरीवर कपडे धूत होते. पुढून आवाज आला, "काकी, कोणी आहे का?" मी हात पुसतेय तोवर बंद झाला. मग माझी ट्यूब पेटली. साबणाच्या हातांनीच घराला वळसा घालून धावले. एक पोरगी, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल, पुढच्या घराकडे निघालेली.

"बाय, थांब! आहोत आम्ही!"

"अहो, कुलूप बघून मला वाटलं…"

"सगळ्यांना तसंच वाटतं. मागून ये."

संपदा तिचं नाव, विरारच्या शाळेत शिकवते. पडवीत बसवलं, सरबत दिलं. छप्पर कसलं, पाणी कुठलं, एकेक विचारून मोबाईलमध्ये भरत होती. मग बोलली, "घरात नेहमी राहणारी माणसं किती?"

मी बोलले, "पाच."

खाटेवरून गॅब्रिएल हळू बोलला, "चार गो."

पोरीचं बोट तसंच राहिलं. तिला सांगितलं, नणंद गेली म्हणून. कुंपणापलीकडे बॅप्टिस्ट उभा होता, सगळं ऐकत. तो बोलला, "पाचच लिव, बाय. एवढी वर्षं वाट बघितली तिने. कोण येतंय तपासायला?"

माझ्या पण तोंडावर आलेलं, राहू दे पाच. पण मग वाटलं, एक खोटं सापडलं तर आळीचं सगळंच खोटं धरतील. मी बोलले, "नाय. चार लिही." तिने लिहिलं. मी दुसरीकडे बघितलं.

मग मी विचारलं, "लहान पोरं किती, ते लिहितेस काय?" ती बोलली, "आता घरं आणि एकूण माणसं. वय वगैरे फेब्रुवारीत." म्हणजे फेब्रुवारीत परत फिरायचं. फिरेन. अंगणवाडी राहील की जाईल, ते त्यानंतरच कळणार.

मी चपला घातल्या. "चल," मी तिला बोलले, "तू रस्त्याने जाऊ नको, मी दाखवते. पहिलं या बॅप्टिस्टकडे. किती माणसं ते त्याला नीट विचार. काल सून बाळंत झालीय त्याची."