थ्रेस्याम्माने बदललेली प्रार्थना

औसेप्पच्या बेकरीत मैद्याची पोती तोलायचा मोठा काटा आहे, आणि गावातून परदेशी निघालेल्या प्रत्येकाची बॅग आधी या काट्यावर चढते. काटा औसेप्पचा असला तरी निवाडा त्याच्या बायकोचा. नाइटीवर खांद्याला पंचा टाकून थ्रेस्याम्मा उभी राहते, बॅग उघडायला लावते आणि वजन जास्त भरलं की बेधडक हात घालते. “लोणच्याची बरणी राहू दे, बूट काढ. बूट तिकडे मिळतात.” आखातात गेलेल्या नर्सेस, आयर्लंडला गेलेली जोडपी, कॅनडाला गेलेली पोरं, सगळ्यांच्या बॅगांवर तिने गुडघा दाबून चेन ओढलेली आहे. चालकुडी नदीच्या पलीकडे तिचं माहेर. त्यापुढे ती स्वतः फारशी कुठे गेलेली नाही.

आता तिच्या एकुलत्या एका मुलीची, रोस्मीची पाळी होती. रोस्मी बी.कॉम. झाली होती आणि कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर जेर्मेनकडे जर्मन शिकत होती. सिस्टरांचं अर्धं आयुष्य जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात गेलेलं. जायचं जर्मनीलाच, एवढं घरात ठरलं होतं. भांडण होतं ते व्हिसाचं. थ्रेस्याम्माला विद्यापीठाचा व्हिसा हवा होता. मॅनेजमेंटची मास्टर्स पदवी. त्यासाठी वर्षभराचा खर्च आधी बँकेत अडकवून ठेवावा लागतो, म्हणून मागची नारळाची बाग गहाण टाकायचीही तिची तयारी होती. रोस्मीला दुसरा व्हिसा हवा होता, काम करता करता शिकायचा. तीन वर्षं तिथल्या बेकरीत उमेदवारी, सोबत शाळा, आणि वर हातखर्चाला पगार.

“बेकरी?” थ्रेस्याम्मा म्हणाली. “बेकरीसाठी विमानात कशाला बसायचं? स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की आहे की!”

औसेप्प त्याहून चिडला. “मी तीस वर्षं या बोर्म्यापुढे भाजून घेतलं ते कशासाठी? पोरीनेही भाजून घ्यावं म्हणून?” आणि तो तरातरा बोर्म्याकडे, म्हणजे आपल्या विटांच्या भट्टीकडे, निघून गेला.

रोस्मीचं म्हणणं ऐकून घेण्याआधीच थ्रेस्याम्माकडून एक चूक होऊन बसली होती. दर आठवड्याला वाडीतली दहा-बारा घरं कुणा एकाकडे प्रार्थनेला जमतात आणि ज्याचं जे मागणं असेल ते तो मोठ्याने सांगतो. तिथे तिने उभं राहून सांगून टाकलं होतं, “रोस्मीला मास्टर्सचा व्हिसा मिळावा म्हणून.” सगळ्यांनी प्रार्थना केली. औसेप्पची थोरली बहीण एलियाम्मा, म्हणजे घरची चेची, तर तिथून उठली ती थेट स्थळ घेऊन आली. मुलगा अंगमालीचा. “मास्टर्सचा व्हिसा म्हणजे नवराही मागोमाग जाऊ शकतो, मी चौकशी केलीय,” ती म्हणाली. भरीला थ्रेस्याम्माने कोरट्टीच्या चर्चमधल्या मातेला पूवन केळ्यांचा घड नवसाला बोलून ठेवला होता, तोही मास्टर्सच्याच नावाने. आता देवाच्या आईकडे जाऊन म्हणायचं काय? घड तोच, पण व्हिसा बदलला?

सिस्टर जेर्मेननी एका शनिवारी मायलेकींना बोलावलं आणि स्वतः व्हिसा अधिकारी होऊन टेबलापलीकडे बसल्या.

“मॅनेजमेंट का शिकायचंय?”

रोस्मीने उत्तर म्हटलं. हुबेहूब लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात म्हणायची तसं, डोळे छताला लावून.

“वडील काय करतात?”

“बिझनेस.”

“कसला?”

रोस्मीने आईकडे पाहिलं. बेकरीचं नाव काढायचं नाही, असं आईनेच बजावलं होतं.

सिस्टरांनी चष्मा काढला. “थ्रेस्ये, ही मुलगी खोटं बोलत नाहीये, पण दिसतेय तशी. कागद कितीही चांगले असू देत, समोरच्याला एवढंच विचारायचं असतं, ही खरंच शिकायला निघालीय का? बरं मोळे, पोरी, आता सांग, पाव कशाने फुगतो?”

त्यावर रोस्मी जी सुटली! जर्मनमध्ये, मध्येच मल्याळममध्ये, आंबवलेल्या पिठाचं, त्यांच्या काळ्या पावाचं, वडिलांच्या, अप्पच्चनच्या भट्टीत तो का बिघडला त्याचं. हात हवेत पीठ मळत होते. थ्रेस्याम्माला जर्मन कळत नव्हतं, पण आपल्या पोरीचं तोंड इतकं उजळलेलं तिने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सिस्टरांच्या ओळखीच्या बेकरीवाल्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. उटे नाव, गाल लाल, डोक्याला रुमाल. दुपारची वेळ होती, भट्टी पेटलेली होती. बोलता बोलता बाईंनी भट्टी दाखवायला सांगितली. रोस्मीने फोन वळवला तसा कमरेचा मुंडू गुडघ्यावर खोचलेला, उघडाबंब औसेप्प पोत्यांआड दडायला धावला.

“अहो, आता कुठे लपताय? पोट दिसलंय त्यांना,” थ्रेस्याम्मा म्हणाली.

उटेबाई खळखळून हसल्या. रोस्मी दुभाषी झाली. लाकूड कुठलं? रबराचं. आच कशी ओळखता? औसेप्पने चिमूटभर मैदा भट्टीच्या तळावर टाकला आणि तो किती वेळात तांबूस होतो ते दाखवलं. बाईंनी मान डोलावली, बाही वर केली आणि हात कॅमेऱ्यासमोर धरला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. औसेप्प फोनजवळ सरकला. मग त्यानेही आपला हात पुढे केला. डाग त्याच जागी, तसेच आडवे.

“त्या म्हणतायत, आता ट्रे बाहेर काढायला यंत्र आहे, पण हाताची सवय जात नाही,” रोस्मीने सांगितलं.

“बेकरी कुणाची, त्यांच्या नवऱ्याची?” औसेप्पने विचारलं.

“त्यांची स्वतःची. हाताखाली आठ माणसं. तिथे उमेदवारी संपवून परीक्षा दिल्याशिवाय कुणी बेकर म्हणवून घेत नाही, अप्पच्चन.”

औसेप्प पंच्याने हात पुसत राहिला. “परीक्षा असते? पाव भाजायची?” मग हळूच बायकोला म्हणाला, “बाग राहू दे गं.”

ठरलं तर खरं. आता चारचौघांत तोंड उघडायचं राहिलं, आणि ते थ्रेस्याम्मालाच उघडायचं होतं.

त्या आठवड्यात प्रार्थना नेमकी एलियाम्माच्याच घरी होती. जपमाळ झाली. कुणी गुडघेदुखी सांगितली, कुणी विहिरीचं पाणी. थ्रेस्याम्मा उठली.

“रोस्मीच्या व्हिसासाठी. मास्टर्सच्या नाही. बेकरीत काम शिकायच्या व्हिसासाठी.”

खोलीत चुळबुळ झाली. एलियाम्माने मेणबत्तीवरून मान वळवली. “थ्रेस्ये, आणि आम्ही मास्टर्ससाठी एवढ्या प्रार्थना केल्या त्या?”

“त्या तुमच्या पोराच्या, जोमोनच्या खात्यावर जमा करा चेची. तो परीक्षेत अजून पास व्हायचाय.”

पदराआड दोघीतिघी खुदकन हसल्या. एलियाम्मा मात्र हटायला तयार नव्हती. “अगं, पण अंगमालीच्या लोकांना मी काय सांगू? मुलगी जर्मनीत जाऊन काय करते?”

“पाव करते म्हणून सांगा,” थ्रेस्याम्मा म्हणाली आणि तिचं तिलाच हायसं वाटलं. “मुलाला खायचा असला तर त्याने आपला व्हिसा आपण बघावा.”

दाराशी खुर्चीवर बसल्या बसल्या औसेप्प एरवी पेंगत असे. आज या मागण्यावर प्रार्थना सुरू व्हायच्या आधीच तो खणखणीत आवाजात म्हणाला, “आमेन.”