भट्टीवाल्याची तपासणी

बाजारात शिलाई मशीन दुरुस्त करणारी ती एकटीच बाई, म्हणून सगळे तिला मशीनवालीच म्हणत. दुकान वडिलांचं. जिन्याखालची अरुंद जागा, तेलाचा वास, भिंतीला टांगलेले पट्टे. नवरा जवळच्याच बेकरीत भट्टीवर. बोलायचा कमी, पण हसायला लागला की आवरत नसे.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या मनाने एकच घेतलं होतं, की दोष असलाच तर सुनेत. कुणी सांगितलेला काढा, कुणी दिलेली पुडी, सगळं हिच्याच घशाखाली. तीही निमूट घेत राहिली. मग एका काढ्याने तिचं पोट असं बिघडलं की दुकान बंद ठेवावं लागलं. अंथरुणात पडल्या पडल्या तिने ठरवलं, आता पुरे.

बरी झाल्यावर ती एकटीच दवाखान्यात गेली. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, गर्भनळ्या मोकळ्या आहेत ना तेही पाहिलं. सगळं ठीक निघालं. डॉक्टरबाईंनी नवऱ्याच्या तपासणीचं विचारलं. ती झालीच नव्हती. बाई म्हणाल्या, कारण बायकोत सापडतं तसं नवऱ्यातही सापडतं, कधी दोघांत, आणि पुरुषाची पहिली तपासणी तर फारच सोपी.

नवऱ्याला सांगणं मात्र सोपं नव्हतं. तो जेवण अर्धं टाकून उठला. माझ्यात काय असणार, मैद्याचं पोतं एकट्याने उचलतो, असं त्याचं म्हणणं.

"पोत्याचा आणि याचा काय संबंध?" ती म्हणाली. "अर्धंच मशीन उघडून बिघाड सापडतो का? माझं उघडून झालं. आता तुमची पाळी."

ती भांडली नाही, रडली नाही. रोज सकाळी चहाचा कप पुढे करताना तेवढंच विचारायची, कधी जायचं? शेवटी तो गेला.

शुक्राणू फार कमी होते आणि हलणारे त्याहून कमी. पुन्हा तपासलं, तरी तेच. दिवसभर भट्टीच्या तोंडाशी उभं राहणं आणि तंबाखू, दोन्हींनी फरक पडू शकतो, पण तेवढंच कारण असेल असं नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्याने तंबाखू सोडली, मालकाला सांगून पीठ मळायच्या बाजूला काम मागून घेतलं. तीनेक महिन्यांनी आकडा थोडा वर सरकला, पण पुरेसा नाही. शुक्राणू थेट गर्भाशयात सोडायचे म्हटलं, तरी त्यांची संख्या बऱ्यापैकी लागते. यांच्यासाठी मार्ग होता तो प्रयोगशाळेत तिच्या एकेका बीजात त्याचा एकेक शुक्राणू टोचून गर्भ तयार करण्याचा. यश येईलच असं नाही, हेही बाईंनी लपवलं नाही. दात्याचे शुक्राणू घेता येतात, मूल दत्तकही घेता येतं, असंही त्या म्हणाल्या.

दवाखान्याच्या बाकावरच दोघांनी ठरवलं: दोनदा प्रयत्न, मग दत्तक. मुलासाठी शरीराची चाळण करून घ्यायची नाही.

त्याच आठवड्यात सासूबाई नवी पुडी घेऊन सुनेसमोर उभ्या राहिल्या. नवऱ्याने हात पुढे केला.

"आई, ती मला दे. कमी माझ्यात आहे."

रिपोर्ट चुकला असेल, त्या म्हणाल्या. दोनदा काढलाय, तो म्हणाला. मग सासूबाईंनी स्वतःच पुडी कचऱ्यात टाकली. बीजं वाढवण्याची इंजेक्शनं सुरू झाली तेव्हा सुनेबरोबर दवाखान्यात त्याच बसायला लागल्या.

पहिला प्रयत्न फुकट गेला. दुसऱ्या दिवशी तिने दुकान उघडलं, पण सुईत दोरा जाईना, म्हणून दुपारीच शटर ओढलं. दुसऱ्यांदा गर्भ राहिला आणि काही आठवड्यांतच गेला. नवरा स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून हमसून रडला. आणखी एकदा बघू या, असं त्याच्याच तोंडून निघालं.

"नाही," ती म्हणाली. "आपलं ठरलंय. मला मूल हवंय, पोटातूनच हवंय असं नाही."

दत्तकासाठी नाव नोंदवल्यावर वाट पाहणं फार लांबलं. अधिकारी घर बघून गेले, पुन्हा आले. मग एका सकाळी नुकतीच चालायला लागलेली एक मुलगी त्यांच्या घरात आली. पहिले काही दिवस ती कुणाकडेच जाईना, दाराशीच बसून राही. सासूबाई गुडघे धरत तिच्याशेजारी फरशीवर बसू लागल्या. एके दिवशी मुलीने आपण होऊन त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं.