पाच खणांचं घर

परभणी स्टेशनावर गाडी सुटायला पाच मिनिटं होती आणि दादा, म्हणजे माझे वडील, पुन्हा तेच बोलले, "तिकडं कुणी इचारलं तर सांग, आमचं पाच खणाचं घर व्हतं." मी इंग्लंडला भूगर्भशास्त्र शिकायला निघाले होते. तिथं आमचं घर कोण विचारणार होतं? मी चिडून म्हणाले, "दादा, झोपडी होती ती. पंचनाम्यात तसंच लिहिलंय." गाडी हलली तरी दादांनी हात वर केला नाही.

ते घर विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत जळालं तेव्हा मी सात वर्षांची होते. मला धूर आठवतो, आणि मायच्या हाताची पकड. दोन खांबांमधला एकेक खण मोजून बघायचं ते वय नव्हतं. पंचनाम्याला आलेल्या माणसानं राख बघितली, वस्ती बघितली आणि 'एक झोपडी' असं लिहून मोकळा झाला. दादांनी सालगडी राहून एकेक खांब उभा केला होता. परभणीच्या भाड्याच्या खोलीत ते चौदा वर्षं आल्यागेल्याला पाच खण सांगत राहिले. लोक माना डोलवायचे. मी कागदावर विश्वास ठेवला, शिकलेली होते ना.

दुसऱ्याच हिवाळ्यात दादा गेले. तार मिळाली तोवर सगळं उरकलं होतं.

त्याच आठवड्यात सर आम्हाला एका वाळूच्या खाणीत घेऊन गेले. खाणीच्या भिंतीत वेगळ्या रंगाच्या वाळूची एक पाचर होती, वर रुंद, खाली निमुळती. हिमयुगात इथली जमीन बारा महिने गोठलेली असायची. थंडीनं तिला भेग पडायची, भेगेत पाणी जाऊन गोठायचं, दरसाल बर्फ थोडा वाढायचा. पुढं तो वितळला आणि त्याच्या जागेत वरची वाळू पडली. बर्फ जाऊन हजारो वर्षं झाली, पण त्याची जागा राहिली, आणि तिच्यावरून तेव्हा किती थंडी होती ते सांगता येतं. सर समजावत होते आणि मला दादांचे खांब दिसायला लागले. मी रडले. सरांना वाटलं, गारठले.

अखेर नामांतर झालं त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मायला घेऊन गावी गेले. आमच्या जागेवर वेडी बाभूळ माजली होती. मी खुरप्यानं वरचा थर हलकेच खरवडला. पांढऱ्या मातीत एक काळा गोल दिसला. खांब जळाला होता, उरलेला बुंधा वाळवीनं खाल्ला होता, आणि त्या जागेत राख आणि शेतातली काळी माती भरली होती. मग दुसरा गोल दिसला. दुपारपर्यंत एका ओळीत सहा झाले. सहा खांब, मधले खण पाच.

माय बाभळीच्या सावलीत बसून बघत होती. "काय मोजायलीस?"

"घर," मी म्हणाले. "पाच खण हाईत, माय. दादा खरं सांगत व्हते."

"मला म्हाईत हाय की," माय म्हणाली. "तू तुज्या दादाला सांगायचं व्हतंस गं हे."

मी माती पुन्हा सारून ठेवली.

आता इकडं इंग्लंडात तीस वर्षं झाली. हीटर आहे, अंगण आहे, मुलं इंग्रजीत भांडतात. कुणी विचारत नाही, तरी मी शेजारपाजारच्यांना सांगत असते, परभणी जिल्ह्यात आमचं पाच खणांचं घर होतं. लोक माना डोलवतात.