परत येण्याची परवानगी

अमेरिकेत मॉरिसव्हिलला आम्ही भाड्याने राहायचो, तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावर एक इराणी मुलगी राहायची. मुलगी म्हणजे तिशीतली बाई, पण माझ्याहून बरीच लहान, म्हणून माझ्या मनात ती मुलगीच. एका लॅबमध्ये नोकरी करायची. मी तेव्हा डिपेंडंट व्हिसावर, दिवसभर घरी. मला गाडी चालवायला तिनेच शिकवलं. रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये आम्ही गोल गोल फिरायचो आणि मग माझ्याकडे पोहे खायला बसायचो. पोह्यांवर ती स्वतःच्या डबीतली सुमाक नावाची लाल आंबट पूड भुरभुरायची. मला आधी ते कसंसंच वाटायचं, पुढे आवडायला लागलं.

तिचं लग्न कॉलेजात असतानाच झालेलं. नवऱ्याबरोबर ती अमेरिकेत आली. तो मारायचा नाही, हे ती दर वेळी आधी सांगायची, जणू त्याच्या बाजूने साक्ष द्यायची आहे. फक्त तिने कोणाशी बोलायचं, कुठला ड्रेस घालायचा, आईला कधी फोन करायचा, हे तो ठरवायचा. फोन जेवणाच्या टेबलावर ठेवायचा, घेऊन दुसऱ्या खोलीत जायचं नाही. एक दिवस ती घर सोडून निघाली. इथल्या कोर्टाने घटस्फोट दिला. पण तिकडे इराणात तो कागद चालत नव्हता. तिकडच्या कायद्याने ती अजून त्याची बायकोच होती, आणि नवऱ्याने मनात आणलं तर तो बायकोला देशाबाहेर पडण्यापासून अडवू शकतो. म्हणजे माहेरी जायला मोकळी, परत यायला नाही.

हे सगळं मला कळलं ते तिची आई आजारी पडल्यावर. स्वादुपिंडाचा कॅन्सर, डॉक्टरांनी हात टेकलेले. एरवी हे लोक तुर्कस्तानात, जिथे इराण्यांना व्हिसा लागत नाही, जाऊन आईवडिलांना भेटतात, पण आईला आता जिना उतरवत नव्हता. ग्रीन कार्ड होतं, इकडून अडचण नव्हती. नवऱ्याने वॉशिंग्टनमधल्या इराणच्या कचेरीत जाऊन संमती लिहून द्यावी, एवढंच हवं होतं.

तो शार्लटला राहायचा. वाटेतल्या ग्रीन्सबरोच्या एका कॉफी शॉपमध्ये भेटायचं ठरलं आणि ती मला म्हणाली, चल माझ्याबरोबर. मी मनात कुणी राक्षस धरून गेले होते. निघाला मऊ बोलणारा, बारीक अंगाचा माणूस. माझ्यासाठी खुर्ची ओढली, माझ्या मुलांची चौकशी केली. आधी ते दोघं त्यांच्या भाषेत बोलले. मग मला कळावं म्हणून तो इंग्रजीत आला.

"मी हिला अडवलंय का कधी? आई आजारी आहे, जायलाच हवं. तिकीट मी काढून देतो."

"परत येऊ देशील, एवढं लिहून दे," ती म्हणाली.

"नवरा-बायकोत कधी कुणी लिहून घेतं का?"

"आपला डिव्होर्स झालाय."

"इथे," तो म्हणाला. आवाज जरासुद्धा चढला नाही. मग त्याने आमच्या तिघांचे रिकामे कप उचलून नेऊन ठेवले.

परतताना गाडीची किल्ली तिने माझ्या हातात दिली. हायवेला लागल्यावर म्हणाली, "कदाचित नाही अडवणार तो. पण ते मला तिथे जाऊनच कळणार. हेच हवंय त्याला."

आमच्या ओळखीत एक काकू आहेत, रिटायर्ड डॉक्टर, फार वर्षांपूर्वी इथे आलेल्या, सगळीकडे ओळखी. त्यांच्याकडे मी वकिलाचं नाव मागितलं. त्यांनी नंबर दिला आणि मग म्हणाल्या, "अगं, तिला सांग, थोडं नमतं घे. आई काही परत मिळत नाही. दोन गोड शब्द बोलून बाईचं काय बिघडतं?" मला राग यायला हवा होता. पण असंच बोलणं ऐकत मी वाढले होते, आणि माझा स्वतःचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला लटकलेला. मी हो हो म्हणून फोन ठेवला.

वकिलाने सांगितलं, तिकडच्या कायद्यापुढे माझं काही चालत नाही. मग काकूंनी सुचवलेलं तिने मी न सांगताच केलं. नवऱ्याला फोन करून म्हणाली, मी चुकले. तो म्हणाला, घरी ये, मग बघू. तिने बॅग भरली. मी दारात उभी राहून जाऊ नकोस म्हणत होते, पण दुसरं काय कर, ते मला सांगता येत नव्हतं. तिने विचारलंही ते.

काही आठवडे ती शार्लटला होती. लॅबला आई आजारी असल्याचं सांगितलं, ते खोटंही नव्हतं. तो तिला मित्रांकडे जेवायला नेई, बायको म्हणून ओळख करून देई. वॉशिंग्टनचा विषय निघाला की म्हणे, पुढच्या आठवड्यात नक्की. तिचे मेसेज तोकडे होत गेले. फोन पुन्हा टेबलावर गेला असणार.

पुढचं तिने मला नंतर सांगितलं. एका दुपारी आईशी व्हिडिओ कॉल चालू होता. आईला बोलायला दम लागत होता, तरी तिने विचारलं, तुझ्या मागचा पडदा कुणाचा गं? हिने फोन जरा वळवून धरला. आईला कळायचं ते कळलं. मग म्हणाली, "मी तुला बघितलं. आता पुरे. त्या घरातून निघ, आणि इकडे येऊ नकोस."

त्याच दिवशी ती मॉरिसव्हिलला परत आली. बॅग आमच्याच हॉलमध्ये ठेवून जमिनीवर बसली. रडली नाही. मला म्हणाली, माझ्याच आईने मला येऊ नकोस म्हटलं, आणि तेच बरोबर आहे, हे मी कुणाला सांगू?

त्यानंतर आई फार दिवस राहिली नाही. दफनाच्या वेळी तिच्या भावाने तिकडून व्हिडिओ कॉलवर फोन धरला होता, तो हलत होता. तिला माती दिसत होती आणि बायकांचे काळे कपडे. मी तिच्या शेजारी बसले होते. भाषा कळत नव्हती, पण हुंदके कळत होते. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला, बहुधा एकटीने ऐकायचा नव्हता म्हणून. त्याने रीतसर सांत्वन केलं, मग इंग्रजीत म्हणाला, "मी तर जा म्हणत होतो. गेली असतीस तर भेट झाली असती."

ती उठून आत गेली. फोन तसाच चालू राहिला. तो पलीकडून हॅलो हॅलो करत होता. शेवटी मी बंद केला.

पुढे आम्ही घर घेऊन थोडं लांब आलो. ती अजून तिथेच राहते. तिकडच्या कोर्टात भावाने तिच्या वतीने घटस्फोटासाठी अर्ज केलाय. दर वेळी नवऱ्याला बोलावलेलं असतं आणि दर वेळी तो येत नाही. परवा ती जेवायला आली होती. बोलता बोलता म्हणाली, वडिलांचा आता चालताना तोल जातो, बाथरूममध्ये पडले. मी विचारलं, तुर्कस्तानपर्यंत येतील का? ती म्हणाली, विमानतळापर्यंतसुद्धा नाही. मग ताटातला भात चिवडत बसली.